परमिट

पुण्याहून सुमेधनं खोकं धाडलं.
त्यात दोन पांढरे दांडके, एक प्लॅस्टिकचा पाट,
आणि चिठ्ठी: मामा, सेकंडहँड आहे, पण चालतंय.
शेवंता म्हणाली, लेकरांचं खेळणं.
परभणीच्या तस्नीम मॅडम म्हणाल्या,
रबर ओढून कंटाळलात ना, मग हे करा.
खांद्याला काय कळतंय
समोर भिंत आहे का बर्फ.

बर्फ. सेलूत, मे महिन्यात,
कुलरमध्ये तिसरी घागर ओतून झाल्यावर
मी पाटावर उभा राहून घसरत जातो
पांढऱ्या डोंगरावरून.
डावीकडं झुका, मॅडमनी वहीत लिहून दिलंय, दहा वेळा.
डावीकडंच तर झुकवत नाही.
टीव्हीतला माणूस झाडावर आदळतो,
उठतो, अंग झटकतो, टोपी नीट करतो.
मी त्याच्याकडं बघत राहतो.
इतकं सोपं असतंय होय रे, पडणं?

मी अकरा केव्हीच्या खांबावरून पडलो.
परमिट घेतलेलं होतं, कागद खिशात होता.
लाईन बंद होती.
मग ती बंद नव्हती.
डाव्या दंडातल्या नसा करपल्या, कंबरेत तीन खिळे,
आणि चौकशीच्या कागदावर एकच शब्द: अनवधान.
कुणाचं, ते लिहायला रकाना नव्हता.

तसं घरात आता करमतंय.
फुगे फोडायचे, बाण मारायचे,
चुकलं तरी आतून एक बाई म्हणते, वेरी गुड.
आठवीनंतर मला कुणी वेरी गुड म्हणलं नव्हतं.
शेवंता रात्री आवाज बंद करून खेळते.
फुग्यांत तिचा आकडा माझ्या दुप्पट,
मी बघितलंय, बोललो नाही.

परवा शेषेराव आला.
चौदा महिन्यांनी.
त्या दिवशी सबस्टेशनात, पॅनलपुढं, तोच होता.
चपला काढल्या तरी उंबऱ्यातच उभा,
हातातल्या पिशवीतली केळी उन्हानं काळी पडलेली.
किती वेळ बाहेर थांबला होता कोण जाणे.
शेवंता चहा ठेवायला गेली ती तिकडंच राहिली.
काय बोलावं?
मी दुसरा दांडका पुढं केला,
बॉक्सिंग लावलं.

त्यानं हात वर केलाच नाही.
टीव्हीतला शेषेराव मार खात राहिला,
नाकावर, छातीवर, नाकावर,
खरा शेषेराव खाली बघत.
तेव्हा आला मला राग,
पडल्यावरसुद्धा आला नव्हता एवढा.
असं नसतंय शेषेराव, म्हणलं,
तू मारलं नाहीस तर मला हा हात उचलावाच लागत नाही.
मॅडमला आकडा दाखवायचाय वहीत.

मग त्यानं मारलं.
आधी हळू, पाहुण्यासारखं.
मग जरा नेटानं.
मग एक असा आला की
डावा हात आपला आपण उठला
तोंडापुढं, कानाच्या वर,
मॅडमनी पेन्सिलीनं रेघ मारली होती भिंतीवर
तिच्याही वर.
स्वयंपाकघराच्या दारात शेवंता,
हातातली गाळणी टपटपत होती.
वहीत लिहायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात लाईट गेली.
कुलर हांफत थांबला, टीव्ही काळा,
आणि त्या काळ्या काचेत आम्ही दोघं,
दांडके धरून उभे, म्हातारे, घामेजलेले.

फीडर ट्रिप झाला असंल, तो सवयीनं म्हणाला.
नाही, डीपीवरचा फ्यूज, मी सवयीनं म्हणालो,
आवाज नाही का ऐकला?
निघतो मग, म्हणाला.
बस की, म्हणलं, येईल.

तर बसला.
चहा निवून गेला, दांडका काही खाली ठेवला नाही,
दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसला,
वरचा माणूस खाली उतरेपर्यंत
बंद केलेल्या स्विचपाशी
बसावं तसा.