मेलेले मोजणारी

माझं काम मेलेले मोजणं.
दर अष्टमीला, भांगाचं पाणी संथ असतं तेव्हा,
रोहिदास होडी तराफ्याला टेकवतो
आणि मी दोर धरून परड्या वर ओढते.
मिटलेलं कालव जिवंत.
नखानं टकटक केल्यावर मिटलं, तेही जिवंत.
जे उघडंच राहिलं, आत गाळ
आणि भाडेकरूसारखा एखादा पोरका खेकडा,
ते वहीत, उजव्या रकान्यात.

वास्कोहून मालकाचा फोन येतो. मोती किती?
मी सांगते, क्षारता सव्वीस,
पांढरी तबकडी अर्ध्या हातावर दिसेनाशी झाली,
वरून पाणी तांबूस, खाली काळं,
परवा बार्ज गेल्या त्यानंतर बेचाळीस मेले.
तो ऐकून घेतो. मग विचारतो, मोती किती?

मणी मीच घातला होता त्यांच्या अंगात,
चापानं शिंपला किलकिला करून,
माझाच श्वास धरून.
आपण ज्याला मोती म्हणतो
ते त्याच्या लेखी न निघालेलं कुसळ.
आणि ते कुसळ सोसत
ते दिवसभर बादलीवर बादली नदी गाळत असतं,
आमच्या सांडलेल्या डिझेलसकट,
कुणी सांगितलेलं नसताना.

चिखलीत, चॅपेलच्या मागे, केतानिनचं घर.
रस्त्याकडच्या खिडकीला काच नाही,
लाकडी पट्ट्यांत खोवलेले शिंपले आहेत,
तिच्या सासऱ्याच्या आज्यानं याच खाडीतून काढलेले.
दुपारी त्यांतून ऊन येतं ते ऊन वाटत नाही,
ताक वाटतं.
तीन चौकोन गळून गेलेत.
एकात बिस्किटाच्या डब्याचा पत्रा,
एकात पुठ्ठा,
एकात तिच्या नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे, कापून बसवलेला.
तो बार्जवर होता. तीस वर्षं.
संध्याकाळी त्या चौकोनात
त्याच्या चार बरगड्या उजळतात.

"बाय, म्हाका तीन जाय," ती म्हणाली.
जिवंत काढणं गुन्हा आहे, मी म्हणाले.
"मग मेल्लीं हाड. तुजें कामूच तें न्हय?"

वर्षभर ओहोटीला घोट्याएवढ्या चिखलात
मी मेलेले शिंपले वेचले,
धुतले, अंगणात उन्हाला लावले,
तिच्या खिडकीशी नेऊन धरले.
प्रत्येक वेळी चौकट बोटभर मोठी.
जुन्या शिंपल्याला उजेडात धरलं
तर वाढीच्या रेषा दिसतात,
सारख्या अंतरावर, सावकाश,
जेवून उठलेल्या माणसाच्या पावलांसारख्या.
माझ्या हातातल्यांच्या रेषा
एकमेकींना चिकटून,
मध्येच काळी, मध्येच तुटलेली,
आणि काठ येण्याआधीच संपलेल्या.
मी तीन वर्षं तबकडी बुडवून मोजत होते ते पाणी
इथे आधीच लिहून झालेलं होतं,
आणि त्याच्या शेजारच्याच चौकोनात
शंभर वर्षांपूर्वीची नदी
खिळे ठोकून जपलेली.

एका शिंपल्यात मोहरीएवढा मोती सापडला,
करडा, निस्तेज, कुणी न घातलेला.
"विकतलो?" रोहिदासनं विचारलं.
नाही, म्हटलं.
तो मी चिकटपट्टीनं वहीत लावला,
उजव्या रकान्यात, तारखेसमोर.
मालकानं वही कधी उघडलेली नाही.

केतानिनला सांगितलं, मापाचे मिळत नाहीत.
तिनं माझ्या हातातला सगळ्यात मोठा घेतला,
चौकटीवर ठेवून पाहिला,
मग अंगठ्यानं त्याचा तुटका काठ पुसला,
जसं पोराचं तोंड पुसावं.
"राव गो. वाडूं दी तांकां."

पत्रा आणि एक्स-रे तसेच आहेत.
पुठ्ठा मात्र तिनं काढून टाकला.
त्या भोकातून आता ओहोटीचा वास येतो
आणि बार्जचा भोंगा.
दोन्ही घरात कळलेलं बरं, म्हणते.