सहलीचा हिशेब

अकरा जणी, प्रत्येकी दीडशे.
जमा सोळाशे पन्नास.
तारीख मागून टाकीन. मंगळवार होता एवढं नक्की.

गाडीभाडे अकराशे.
अध्यक्षीणबाई म्हणत होत्या देवीला जाऊ.
वनमाला म्हणाली, देवी दरसाल तीच असते,
यंदा दुसरं काही पाहू.
हात वर केले. सहा विरुद्ध पाच.
देवीनं फार मनाला लावून घेतलं नसावं,
टायर एकदाच पंक्चर झालं,
तेही ड्रायव्हरच्या खर्चात.

आधी गोटे पाहिले.
तुरीच्या वावरात गोल मांडलेले काळे दगड,
खाली माणसं पुरलेली, म्हणे,
अडीच हजार वर्षांपूर्वीची.
आम्ही चपला काढल्या,
मग एकमेकींकडे पाहून पुन्हा घातल्या.
शालूनं एका दगडाला पाठ टेकली
आणि तिथंच तिला आठवलं,
गॅस बंद केला होता का.
इथं खर्च नाही.

संग्रहालय, तिकीट पाच. अकरांचे पंचावन्न.
मोबाइलवर फोटो काढायचे वेगळे वीस.
पूर्वीचं कापसाचं गोदाम ते,
कोपऱ्यात अजून सरकीचा वास.
काचेमागं एक हाड, दोघींनी धरून उचलावं एवढं.
काय खात होता हा, अध्यक्षीणबाईंनी विचारलं.
झाडपाला, मावशी, चौकीदार पोरगा म्हणाला.
तेव्हापासून त्यांना तो प्राणी आवडला.
पुढं गंजलेला वासला.
तस्साच गिरजाबाईच्या घरी आहे,
परवाच त्यानं खाटेचा पाय तासला.
निम्म्या जणी पंख्याखाली बसल्या.

पंचफुला मात्र एका मडक्यापाशी थांबली.
काळं-तांबडं, बुडाशी तडकलेलं.
पाटीवर लिहिलेलं: मृतासोबत ठेवलेले अन्नपात्र.
ती वाकली, डोकं तिरपं केलं,
थापीच्या खुणा डोळ्यांनी मोजत गेली.
म्हणाली, हे थापणारा डावखुरा होता.
पोरगा म्हणाला, असं कुठं लिहिलं नाही.
लिहिलं नसन, ती म्हणाली,
मी बी डावखुरीच होती.
बापानं हातावर मारू-मारू उजवी केली.

पोरानं अभिप्रायाची वही पुढं केली,
सवयीनं शाईचा डबाही.
डबा तिनं परत सरकवला.
गटात आल्यापासून तिला सही येते.
कोणत्या हातानं केली, मी पाहिलं नाही,
मी सुटे पैसे मोजत होते.

वांगी तीन किलो, एकशेवीस.
तेल पंच्याहत्तर.
सांभार भाजीवालीनं तसाच दिला.
कणीक ज्याच्या त्याच्या घरची, गोवऱ्या पंचफुलाच्या,
तूप वनमालाचं, म्हणून तिचा आवाज जास्त.
संग्रहालयामागंच नदी. तिथं जाळ केला.
रोडगा राखेतून काढायचा, फडक्यात घोळायचा,
मुठीनं फोडायचा, वाफ निघते न निघते तोच
आत तूप.
वांग्याला तर्री अशी की कोणी बोलेना.
ड्रायव्हर आधी नको-नको म्हणाला,
मग सात खाल्ले.
चौकीदार पोराला तीन नेऊन दिले, नोंद नाही.
त्या मडक्यात त्यांनी काय ठेवलं असेल,
शालूनं विचारलं.
जवारी, कोणी म्हणालं. लाखोरीची डाळ, कोणी.
गिरजाबाई म्हणाली, जे त्याला आवडत होतं ते.
मग सगळ्या भांडी घासायला उठल्या.

चहा बारा, एकशेवीस.

एकूण खर्च चौदाशे नव्वद.
शिल्लक पाहिजे एकशे साठ.
पिशवीत एकशे पंचावन्न.

रात्री तीनदा बेरीज केली.
पिशवी उलटी करून झटकली,
तेलाच्या दुकानदारावर उगाच शंका घेतली.
दिवा घालवताना आठवलं:
भांडी घासताना पंचफुला जवळ आली होती,
हात राखेचे.
पाच रुपये दे वं, सुटे.
मी दिले. कशाला, ते विचारलं नाही.
मग अर्धा तास ती कुठं दिसली नव्हती,
आणि आम्ही तिच्या वाटची कढई घासली.

उठून दिवा लावला.
शेवटच्या ओळीत लिहिलं:
तिकीट, दुसऱ्यांदा, एक नग. पाच.

हिशेब जुळला.