पंक्चर निघेपर्यंत

पवनीला निघालो होतो, चष्म्याची काच बदलायला.
टायर बसलं ते धरणाच्या काठावर.
टपरीवाला म्हणाला, तासभर लागंल.
आणि झिबल मेश्राम डोंगा सोडत होता –
"चाला ना जी, बकरी आणाले जातो,
इथं बसून का करता?"

उजव्या काचेला तडा,
म्हणून लांबून मला दोन बेटं दिसली.
जवळ गेल्यावर एकच निघालं :
त्याच्या गावची टेकडी.
गाव खाली. आम्ही त्यावरूनच आलो म्हणे.

"इथं कोणी येत नाही?"
"कायले येतीन? पाहाले का हाय?"

मोहाची सात झाडं,
खाली फुलांचा आंबूस सडा,
आणि मधोमध हातपंप.
चहूकडे पाणीच पाणी, तरी त्यानं दांडा हापसला,
वीसेक वेळा नुसताच कण्हला तो,
मग ओंजळ भरली.
"हे गावचं पानी. ते धरणाचं."
मी दोन्ही प्यालो.
फरक कळला नाही.
हे गोड आहे, म्हणालो.

बकरी काही यायला तयार नव्हती.
शेवटी माझ्या मांडीवर बसून आली,
तोंडाला मोहाचा वास,
डोळे अर्धे मिटलेले.

टायर टणक झालं होतं.
पवनी राहिलीच त्या दिवशी.
काच अजून तीच आहे.