दोन तोंडं रिकामी

हेल्विन फोनवर म्हणाली, नवी डिश लाव माझ्या भिंतीला.
मी म्हटलं, आधी येऊन बघतो.

वेल्समधली पाटीच्या दगडाची गल्ली.
घरं एकमेकांना चिकटून, जशी थंडीत मेंढरं.
मागे खाणीतून काढलेल्या चुऱ्याचा डोंगर,
आणि तो नेमका आग्नेयेला.
उपग्रहही आग्नेयेलाच, क्षितिजापासून फार वर नाही.
तिच्या भिंतीवरून होकायंत्र धरलं तर समोर फक्त दगड.
मी म्हटलं, बाई, इथून आकाश दिसत नाही.
ती म्हणाली, चाळीस वर्षं राहते मी इथे, मला माहीत आहे.

डबा तिनं आणून ठेवलेला, खोक्यासकट.
एकदा पैसे भरायचे, मग दरमहा काही नाही.
वेल्श बातम्या दिसल्या म्हणजे झालं,
आणि रविवारचं समूहगान रेकॉर्ड करता यावं.
रेकॉर्डिंग म्हणजे दोन केबल, मी मनात मोजलं.

शेजारचं घर टोकाचं. डोंगर तिथे संपतो.
त्याच्या भिंतीवर जुनी डिश, गंजलेली,
कडेला शेवाळ, पण मान अजून ताठ.
कुणाची, विचारलं.
इद्वलची, म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.
इद्वल तिचा दीर. नऊ वर्षं बोलणं बंद.
ती म्हणते, एका शिडीवरून.
तो म्हणतो (नंतर सांगितलं त्यानं),
मर्विनच्या दफनानंतर चहाला बोलावलं नाही म्हणून.

माझा धंदा तारा जोडण्याचा, माणसं नव्हे.
तरी दार वाजवलं.
इद्वलनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आखूड शिडीकडे,
आणि काही न बोलता परसातून
दुसरी ओढत आणली, लांब, अॅल्युमिनियमची.
कुठल्या शिडीवरून भांडण, मी विचारलं नाही.

वर चढलो. डिशच्या तोंडाशी एलएनबी,
प्लास्टिक उन्हा-वाऱ्यानं पिवळं पडलेलं,
खाली चार तोंडं. दोनमध्ये इद्वलच्या केबल,
दोन रिकामी, त्यातल्या एकात कोळ्याचं घर.
पैशाची वाहिनी त्यानंही कधीच सोडली होती,
डिश मात्र काढायला कुणी आलं नव्हतं.
भिंतीला कान असतात म्हणतात.
इथे दोन घरांना मिळून एकच.

केबल सोलताना घाई चालत नाही.
बाहेरची जाळी मागे वळवायची, एकही केस आत राहता कामा नये,
मधली तांब्याची तार जराशी पुढे, नखाएवढीही नाही.
मग कनेक्टर फिरवत न्यायचा, बोटांनी, पान्याशिवाय.
खालून इद्वलनं शिडी धरली होती.
हेल्विन तिच्या खिडकीत, पडद्याच्या मागे,
पडदा हलत होता.

भिंतीला भोक पाडलं, बाहेरून किंचित वर चढतं,
म्हणजे पाणी केबलीवरून आत यायचं नाही.
ड्रिल पलीकडे निघालं तेव्हा
तिच्या बैठकीतल्या वॉलपेपरवर एक निळं फूल फुटलं.
ती म्हणाली, असू दे.

डबा लावला. भाषा, पिन कोड, वाहिन्यांचा शोध.
टक्के सरकायला लागले.
सिग्नलची ताकद बरी, दर्जा उत्तम.
आणि पडद्यावर एक बाई मोठ्या दगडी चॅपलसमोर उभी,
वेल्शमध्ये पावसाबद्दल बोलत होती.

पैसे घेताना आवाज घुमल्यासारखा वाटला.
भिंतीपलीकडे इद्वलनंही तेच लावलं होतं.
त्याचा डबा जुना, नव्याहून पाऊण सेकंद मागे:
हिच्याकडे "नमस्कार" झाला की
तिकडून पुन्हा "नमस्कार".

हेल्विननं आवाज कमी केला.
मग थोडा वाढवला.
मी व्हॅनमध्ये बसलो. ती लांब शिडी
अजून तिच्या भिंतीला टेकलेली होती.
परत न्यायला कुणी बाहेर आलं नव्हतं.