होतं तसं राहू दे

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजसाठी खिडकी बनवत होते.
भिंत नसलेली खिडकी. आत तापमान, ओलावा,
भोंगा कधी वाजावा.
खाली दोन बटणं: ठीक. रद्द.

त्यांच्या जुन्या स्क्रीनवर ठीकची वेलांटी
वरून कापली जायची, उरायचं ठाक.
आम्ही हसलो
आणि तसंच पाठवून दिलं.

पहाटे सव्वाचारला हणमंत कोळेकरांचा फोन.
"ताई, खिडकी रातभर उघडीच हाय.
तीन नंबरात गारवा धरंना.
पाचाचा आकडा चार केला,
पर ठीक कसं म्हनू?
ठीक न्हाई म्हणून तर बदलला की."
मग रद्द करा, म्हणणार होते मी.
"आन् रद्द दाबलं, समदा बेदाणाच रद्द झाला तर?
चाळीस टन हाय. लोकांचा."

अंथरुणात बसून मलाही क्षणभर सांगता येईना
रद्द म्हणजे नेमकं काय जातं.
दाबा ठीक, म्हटलं. त्यांनी दाबलं.
पलीकडे कंप्रेसर घरघरला.
"हां," ते म्हणाले, "आता ठीक."

म्हणजे तो शब्द नंतरचा होता.
आम्ही आधीच मागत होतो.

दुपारी एका बटणावर लिहिलं: तापमान ४ करा.
आकडा बदलला की बटणही बदलेल.
दुसऱ्यावर: होतं तसं राहू दे.
प्रज्ञेश म्हणाला, मावत नाही.
मग बटण रुंद कर.
म्हणाला, ही काय सॉफ्टवेअरची भाषा आहे?
पाहुणा चहाला नको म्हणतोय असं वाटतं.
म्हटलं, चहाला नको म्हटल्यानं
कुणाचं घर कोसळत नाही ना,
तेवढंच कळू दे त्यांना.

एंटरवर झोपेत कोपर टेकलं तर?
राहू दे.
कोपऱ्यातल्या फुलीवर मात्र संध्याकाळपर्यंत भांडलो.
फुली मारून उठून जाणारा
काय म्हणून गेला असं धरायचं?
त्याचा आकडा ठेवायचा की पुसायचा?
शेवटी ठरलं, त्यालाच विचारायचं,
एकदाच, आणि हळू.

बुधवारी नवी खिडकी गेली.
रात्री फोन आला नाही. मी दोनदा उठून पाहिला.

गुरुवारी आला, भरदुपारी.
"बाकी झ्याक हाय ताई. तेवढं भोंग्याचं सांगा.
नंतर आठवण करा, असं लिवलंय न्हवं,
नंतर म्हंजी किती नंतर?"