बूट, एक

वाचनदालनाच्या दारात कोट काढून ठेवायचा,
पेनही. आत फक्त पेन्सिल
आणि स्वच्छ हात.
माझे हात रात्रभर बेकरीत होते,
नखांत राईच्या पिठाची करडी रेघ.
टेबलामागच्या हैनोनं ती पाहिली
आणि काही न बोलता ओला रुमाल पुढे केला.

तार्तूत नोव्हेंबर म्हणजे
साडेतीनलाच दिवस गुंडाळून ठेवतात.
मी पुठ्ठ्याच्या पेटीची नाडी सोडते.
पालुमे गावच्या पंचांचं दप्तर,
अठराशे एकाहत्तर.
कारकुनाचं अक्षर पुढं झुकलेलं,
जेवायला उशीर झालेल्या माणसासारखं.
मजकुराखाली नावं, नावांपुढे तीन-तीन फुल्या.

पहिल्या वर्षी मला वाटायचं
इथं शिवी गाळलीय.
मग कळलं, ही सही.
वाचता यायचं त्यांना, अख्खं स्तोत्रांचं पुस्तक.
लिहायला कुणी शिकवलं नव्हतं.
ऐकून घ्यायचं, उलट लिहायचं नाही.

लेनू. मोलकरीण. वय एकोणीस.
बोलीप्रमाणे वर्षाला रूबल सात,
लोकर दोन पौंड,
बुटांचा जोड एक.
सहा महिन्यांत हिंद्रिकचं घर सोडून निघाली.
'कारण विचारले. सांगत नाही.'
पंचांनी निम्म्यानं हिशेब केला:
रूबल साडेतीन,
लोकर एक पौंड,
बूट, एक.

मी ती ओळ तीनदा वाचली
आणि मोठ्यानं हसले.
हैनोनं चष्म्यावरून पाहिलं.
मग हसू निम्म्यावरच राहिलं.
उजवा की डावा,
तेही लिहिलेलं नाही.

ऊर्वेबाई प्रकरण दुसरं परत करतात,
समासात हिरवी शाई.
'सापडलंय सुरेख. पण मारिका,
एका बुटावर प्रबंध उभा राहत नाही.
तुझं म्हणणं काय आहे?'
माझं म्हणणं.
मी घरी येऊन तक्ते करते,
दोनशे चौदा दावे, मजुरी, वय, महिना,
सरासरी काढते.
लेनू सरासरीत अगदी व्यवस्थित बसते,
इतकी, की मग दिसतच नाही.

आई वाल्ग्याहून फोन करते.
मागे चीजच्या कारखान्याचा भोंगा.
'संपला का गं तुझा इतिहास?'
मुदत वाढवून मिळालीय, मी सांगते.
'कुणाला? इतिहासाला?'

आमच्यातला रैगो मार्चमध्येच गेला.
त्याचं खिडकीजवळचं टेबल मला मिळालं,
खणात अर्धं खोडरबर
आणि विद्यापीठाच्या अर्जाची एक खराब झालेली प्रत.
'अभ्यासक्रम सोडण्याचे कारण' या रकान्यात
त्यानं एक टिंब दिलं होतं,
मग तेही खोडलं होतं.

आज पुढचं पान उलटलं.
खरं तर उलटायचं कारण नव्हतं,
माझा नमुना सप्टेंबरला संपतो.
ऑक्टोबर, तारीख चौदा.
हिंद्रिकची तक्रार: ओसरीवरून बूट चोरीला गेला.
किती, पंचांनी विचारलं.
एकच.
साक्षीदार नाहीत.
लेनूला बोलावून विचारले. सांगत नाही.
दावा काढून टाकला.

खाली तिच्या नावापुढे तीन फुल्या.
तिसरीपाशी टाक कागदातून आरपार गेलाय,
मागच्या पानावरच्या वळूच्या तंट्यात
बारीक उजेड पडतो.
या वेळी मात्र मला वाटतं
ती सही नव्हे.

ऊर्वेबाईंना अजून दाखवलेलं नाही.
पेटीची नाडी बांधते, पेन्सिल कानामागे.
हैनो दिवे घालवायला उठलाय,
नऊला बेकरीत पोचायचंय,
आणि या सगळ्याला तळटीप क्रमांक काय द्यावा
ते मला सुचत नाही.