हळू करण्याचा दर

दारखानच्या बाजारात, बुटांच्या गाळ्याला लागून
माझं टेबल. दीड हात रुंद.
बाहेर उणे एकतीस.
लोक फोन पुढे करतात, म्हणतात, मेला.
मी म्हणते, मेला नाही, गारठलाय.
बाहेरच्या खिशात ठेवू नका त्याला,
आत ठेवा, बरगडीपाशी.
आणि घरात शिरल्या शिरल्या चार्जरला जुंपू नका,
आधी अंगावरचं दव सुकू द्या.
तुम्ही तरी दारातून आल्या आल्या जेवायला बसता का?
बसतो की, म्हणाला एक ट्रकवाला.

सल्ल्याचे पैसे मी घेत नाही,
म्हणून तो कुणी पाळत नाही.

दुलमजाव आली तेव्हा लॅपटॉप शालीत गुंडाळलेला,
तान्हं मूल आणावं तसा.
चालू व्हायला अकरा मिनिटं घेतो, म्हणाली,
मी घड्याळ लावून मोजलीत.

उघडला.
पंख्यात बोटभर काजळी, चुलीच्या कोळशाची,
आणि तिच्यात अडकलेली बकरीची तलम लव.
ब्रशनं झाडली, फुंकर मारली नाही;
फुंकरीत थुंकी असते, लोकांना हे कळत नाही.
प्रोसेसरवरचा लेप वाळून खडू झालेला.
नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा.
जास्त लावणाऱ्यांना वाटतं, ते मलम आहे.
मग पाहिली ती यादी,
यंत्र जागं होताच जे जे जागे होतात त्यांची:
सव्वीस जण, न बोलावता पंगतीला बसलेले.
त्यात एक प्रिंटर होता, आठ वर्षांपूर्वी विकलेला,
तोही रोज उठून हजेरी लावत होता.
बावीस जणांना पानावरून उठवलं.
जुनी फिरती चकती काढली, एसएसडी बसवली.

एकोणीस सेकंद.
माझं मलाच कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी तीच शाल, तोच लॅपटॉप.
बिघडला?
नाही.
मग?
बासान, तो परत हळू कर.

गोम्बोसुरेन तिचा नवरा. रेल्वेत सांधेवाला होता.
चौतीस वर्षं रूळ बदलले, शब्द मात्र मोजून.
निवृत्तीनंतर संध्याकाळी लॅपटॉपवर बुद्धिबळ.
बटण दाबायचा आणि बसायचा.
पडदा उजळेपर्यंत करायला काही नसायचं,
म्हणून बोलायचा.

गुडघ्याबद्दल बोलायचा.
मुलीनं बुसानहून धाडलेल्या जाकिटाबद्दल,
ज्याची चेन डाव्या बाजूला आहे, हे काय भलतंच.
मी चहात मीठ घालायची, हूं म्हणायची.
आणि एका संध्याकाळी, काही विचारलं नसताना,
त्यानं एका रात्रीची गोष्ट काढली.
बर्फाचं वादळ, कंदील विझलेला,
मालगाडी येतेय, आणि हात चुकीच्या दांड्यावर.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मला माहीत नव्हतं.
मग? म्हटलं मी.
तेवढ्यात पडदा उजळला.

दुसऱ्या दिवशी तू तो दुरुस्त करून दिलास.

आता बटण दाबतो, प्यादं सरकवतो.
चहा उकळायच्या आत हत्ती मेलेला असतो.
माझ्याशी पंधरा दिवसांत दोन वाक्यं बोलला,
त्यातलं एक होतं, बासानचा हात चांगला आहे.

टेबलावर पडलेले स्क्रू मी उगाच गोळा केले.
माझ्या धंद्यात लोक वेग मागतात,
जागा मागतात, बॅटरी मागतात.
हळू करण्याचा दर मी कधी ठरवलाच नव्हता.

चकती काढली नाही. तेवढी मी वेडी नाही.
बुद्धिबळाच्या आधी चार ओळी लिहिल्या:
थांब.
आणि थांबशील तोवर दाखव
ते गरगर फिरणारं वर्तुळ, जुन्यासारखंच,
म्हाताऱ्याला संशय यायला नको.
अकरा मिनिटं घातली.
घड्याळ लावून आम्ही दोघींनी मोजली,
पुरी अकरा, काही न बोलता.

पैसे दिले तिनं, मी घेतले.
शाल गुंडाळत दारापर्यंत गेली,
पडदा उचलला, गार वारा आत आला,
आणि परत फिरली.

चौदा कर, म्हणाली.
त्या मालगाडीचं अजून राहिलंय.